उतारावरची काथ्याची जाळी : तीन पावसाळ्यांनंतरचे परीक्षण

घरामागच्या मातीच्या उतारावर काथ्याची विणलेली जाळी अंथरली, त्याला आता तीन पावसाळे झाले. एवढे थांबून लिहिण्याचे कारण असे की ही वस्तू कुजून नाहीशी होण्यासाठीच बनवलेली असते. अंथरल्या दिवशी ती कशी दिसते यावरून तिच्याबद्दल फारसे काही कळत नाही. ती संपत आल्यावर उतारावर काय उरते, यावरच तिचे मोल ठरते. त्याच उताराच्या दोन कडांना तागाची जाळी आणि पेंढ्याची शिवलेली चटईही अंथरून पाहिली होती, त्यामुळे तिघींची तुलना ओघाने येईल. पण हे परीक्षण मुख्यतः काथ्याच्या जाळीचे आहे. मत सुरुवातीलाच सांगतो. माल चांगला आहे, विकणाऱ्याने सांगितलेल्या गोष्टींपैकी निम्म्या खऱ्या निघाल्या, आणि जे यश मिळाले त्यातला मोठा वाटा जाळीपेक्षा ती मातीला किती चिकटून बसली याचा होता.

जमीन सपाट करताना टेकाडाची एक बाजू कापावी लागली आणि तिथे उघडा उतार तयार झाला. माथ्यापासून पायथ्यापर्यंत उतारावरून मोजला तर तो 12 मीटर लांब आणि आडवा 20 मीटर रुंद आहे. चढ बहुतेक भागात 1:1.5, म्हणजे एक मीटर उंचीला दीड मीटर आडवे अंतर. एका कडेला तो निवत 1:2.5 वर येतो. वरच्या थरात गाळवट माती, खाली मुरूम. पहिल्याच पावसात बोटभर रुंदीचे ओघळ पडले, पुढच्या काही जोरदार सरींत ते वीतभर झाले, आणि पायथ्याच्या चारीत इतका गाळ साठला की ती दोनदा उपसावी लागली. उतारावर सिमेंटचा थर मारून टाकावा, असा सल्ला बऱ्याच जणांनी दिला. तो मानला नाही, कारण निचऱ्याची पक्की सोय केल्याशिवाय असा थर मारला तर आत मुरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट राहत नाही, मागे दाब साठत जातो आणि थराला तडे गेल्यावर माती एकदम मोठ्या ढलप्याने खाली येते.

माती वाहत्या पाण्याने जाते, अशी सर्वसाधारण समजूत असते. नासाडीला सुरुवात मात्र पाणी वाहू लागण्याच्या आधीच होते. पाच मिलिमीटर व्यासाचा पावसाचा थेंब जमिनीवर आदळतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला सुमारे 9 मीटर असतो. उघड्या मातीवर असे थेंब पडू लागले की कण ढेकळापासून सुटून उडतात, आणि जमीन उतरती असल्यामुळे उडालेल्यांपैकी जास्त कण खालच्या अंगाला पडतात. सुटलेले बारीक कण मातीची छिद्रे बुजवतात, वर गुळगुळीत पापुद्रा धरतो, पाणी मुरायचे थांबते आणि मग ते वाहू लागते. आधी पातळ थराने, नंतर जरा खोलगट जागा सापडली की ओघळाने. ओघळात पाण्याची खोली आणि वेग दोन्ही वाढतात, आणि तिथून पुढे माती खरवडायला त्याला थेंबांची मदत लागत नाही. म्हणून ओघळ पडल्यावर दगड टाकून तो बुजवण्यापेक्षा थेंबाचा पहिला फटका मातीला लागू न देणे हाच खरा इलाज ठरतो, आणि जाळीचे पहिले काम तेच आहे.

मृदाशास्त्रात धुपेचा अंदाज काढण्यासाठी जे समीकरण सर्वांत जास्त वापरले गेले, ते अमेरिकेत विश्मायर आणि स्मिथ यांनी मांडले. त्याची पुस्तिका 1965 साली आणि सुधारित आवृत्ती 1978 साली निघाली. त्यात सहा गोष्टींचा गुणाकार केलेला असतो : पावसाची तीव्रता, मातीचा प्रकार, उताराची लांबी, उताराचा चढ, जमिनीवरचे आच्छादन आणि संवर्धनाचे उपाय. 22.1 मीटर लांबीच्या आणि 9 टक्के उताराच्या तुकड्याला प्रमाण मानून हे समीकरण बेतलेले असल्यामुळे माझ्यासारख्या उभट उताराला त्यातले आकडे जसेच्या तसे लावणे चुकीचे ठरेल. तरी त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. पाऊस आणि माती आपल्या हातात नसतात, चढ आणि लांबी बदलायला यंत्रे आणावी लागतात, आणि आच्छादन मात्र चार माणसे दोन दिवसांत बदलू शकतात. शिवाय सहांपैकी सर्वांत मोठी झेप तेच घेते : पूर्ण उघड्या जमिनीसाठी त्याचे मूल्य 1 धरतात, तर दाट रुजलेल्या गवतासाठी ते शंभराव्या भागाच्या आसपास किंवा त्याहूनही खाली जाते. उघडी जमीन आणि रुजलेले गवत यांच्यामधले जे महिने असतात, तेवढ्यांपुरती ही जाळी असते.

आता वस्तूकडे वळतो. काथ्याच्या जाळ्या साधारणपणे चौरस मीटरला 400, 700 आणि 900 ग्रॅम अशा वजनांत मिळतात. मी 700 ग्रॅमची, 2 मीटर रुंद आणि 50 मीटर लांब अशा दोन गुंडाळ्या घेतल्या. एका गुंडाळीचे वजन 70 किलोच्या घरात जाते, त्यामुळे ती माथ्यावर चढवणे हे एकट्यादुकट्याचे काम नव्हे. आधीच अंगणात मोजून पट्टे कापावेत आणि सुटे पट्टे वर न्यावेत, हे पहिली गुंडाळी चढवताना घामाघूम झाल्यावर सुचले. दोर हातांना खरखरीत लागतो, त्यातून बारीक तुसे निघतात, आणि हातमोजे न घालता अर्धा दिवस काम केले तर तळहात सोलवटतात. विणीच्या चौकटी दीड-दोन सेंटीमीटरच्या आहेत आणि जवळपास निम्मी जमीन त्यांतून उघडी दिसते. प्रथम पाहणाऱ्याला ही विरळ वीण माती अडवील असे वाटत नाही. पण उगवणीला उजेड आणि हवा लागते, आणि मोकळ्या चौकटींमधून कोंब सहज वर येतो. वजनदार आणि दाट जाळी नेहमीच जास्त चांगली, असे समजण्याचे कारण नाही.

काथ्या म्हणजे नारळाच्या सोडणाचा तंतू. त्याच्यात लिग्निन नावाचा कठीण घटक 40 ते 45 टक्के असतो, तर तागात तो 12 टक्क्यांच्या आसपास असतो. लिग्निन सूक्ष्मजीवांना सहजासहजी पचत नाही, आणि ओल्या मातीवर काथ्या तागापेक्षा जास्त टिकतो त्याचे मुख्य कारण हेच आहे. लाकडाला कणखरपणा देणारा घटकही तोच. विकणाऱ्याने मला ‘दहा वर्षे हात लावायला नको’ असे सांगितले होते. ते खरे नाही आणि खरे असते तर ते या वस्तूच्या फायद्याचेही नव्हते. सततच्या उन्हापावसात काथ्याच्या जाळीचे आयुष्य दोन ते पाच वर्षे धरावे. त्यातही एक बारकावा आहे. जाळी डोळ्यांना शाबूत दिसत असतानाच तिची ताकद ओसरलेली असते. माझ्या उतारावर एक वर्षानंतर दोर तसाच तपकिरी आणि जाड दिसत होता, पण दोन हातांत धरून झटका दिला की तुटत होता. पहिल्या दिवशी तोच दोर मला सुरीशिवाय तुटला नव्हता.

वजनाच्या बाबतीत एक तक्रार नोंदवायला हवी. पट्टे कापताना एका गुंडाळीतला बरोबर एक चौरस मीटरचा तुकडा उन्हात वाळवून तोलला, तो साडेसहाशे ग्रॅमच्या जरा खालीच भरला. काथ्या हवेतली ओल धरून ठेवतो, त्यामुळे दमट गोदामात केलेले वजन आणि वाळवून केलेले वजन यांत फरक पडणारच. तरीही दुसऱ्या गुंडाळीचा तुकडा त्याच दिवशी, त्याच उन्हात वाळवून जवळपास पुरता भरला, तेव्हा पहिल्या गुंडाळीत वीण सैल होती असेच म्हणावे लागते. त्या गुंडाळीत आडवे दोर हाताने सरकवता येत होते आणि काही चौकटी दुपटीने मोठ्या झाल्या होत्या. घेताना गुंडाळीचे बाहेरचे एकच वेटोळे न पाहता दोन-चार मीटर उलगडून वीण बोटांनी सरकवून पाहावी.

अंथरण्याचे काम मात्र सविस्तर सांगण्यासारखे आहे, कारण या वस्तूची सगळी परीक्षा तिथे होते. सर्वांत आधी उतार साफ करावा लागतो : ओघळ भरून घेणे, ढेकळे फोडणे, दगड, मुळखंडे आणि काटक्या वेचणे, आणि फावड्याच्या पाठीने माती हलकेच बसवणे. या कामाला आम्हाला दोन दिवस लागले आणि जाळी अंथरायला एक. हे प्रमाण उलटे असावे असे कोणालाही वाटेल, पण दगडाच्या टोकावर टेकलेली जाळी भोवतालच्या वीतभर जमिनीला शिवत नाही, आणि जिथे ती मातीला शिवत नाही तिथे ती असून नसल्यासारखी असते. माती अगदी कोरडी भुसभुशीत असताना किंवा चिखल असताना हे काम करू नये; वाफसा असताना केले तर माती दाबली जाते आणि खुंटीही नीट धरते.

माथ्यावर, उताराची कड जिथे सुरू होते त्याच्या जरा मागे, 30 सेंटीमीटर खोल आणि तेवढाच रुंद चर खणला. जाळीचे वरचे टोक चरात खाली सोडून, तळाशी खुंट्या ठोकून, चर मातीने भरून पायाने तुडवून घट्ट केला. या चराची अनेकांना टाळाटाळ करावीशी वाटते, कारण वरून पाहता नुसत्या खुंट्यांनीही जाळी धरलेली दिसते. परंतु माथ्यावरून येणारे पाणी जाळीच्या कडेशी पोचल्यावर वरून जाणार की खालून, हे त्या चरातच ठरते. एकदा पाणी खाली शिरले की संपूर्ण पट्ट्याखालून ते आपली वाट काढते, आणि वरच्या जाळीमुळे ती वाट दिसतही नाही. चराच्या वर दीड मीटरवर आडवी चारी काढून माथ्याचे पाणी बाजूला वळवले. ती चारी नसती तर हे परीक्षण वेगळे झाले असते.

पट्टे वरून खाली, पाण्याच्या दिशेने सोडायचे असतात, आडवे नव्हे. शेजारच्या पट्ट्यांची कड एकमेकीवर 15 सेंटीमीटर चढवली. पट्टा मध्येच जोडायची वेळ आली तर वरच्या पट्ट्याचे टोक खालच्या पट्ट्यावर यायला हवे, जशी कौले घालतात तसे. ती वेळ माझ्यावर आलीच, कारण हिशेब चुकला होता. 12 मीटर रुंदीचा भाग काथ्याने झाकायचा होता. चढवलेल्या कडा वजा जाता एका पट्ट्याने 1.85 मीटर झाकले जातात, म्हणून सात पट्टे लागले. चरात आणि पायथ्याला दाबायचे टोक धरून प्रत्येक पट्टा 13 मीटरचा झाला. 50 मीटरच्या गुंडाळीतून असे तीनच निघतात आणि 11 मीटर उरतात. सातवा पट्टा जोडूनच करावा लागला. एकूण 144 चौरस मीटर उतारासाठी 182 चौरस मीटर जाळी खर्ची पडली, म्हणजे जवळपास सव्वापट. नुसत्या क्षेत्रफळावर मागणी नोंदवणाऱ्याला माल कमी पडणार, हे निश्चित.

खुंट्यांसाठी लोखंडी तारेचे वाकवलेले आकडे आणि बांबूच्या खुंट्या, दोन्ही वापरून पाहिले. मऊ मातीत आकडा पटकन जातो, पण मुरमात तो वाकतो. बांबूची 30 सेंटीमीटरची, वरच्या टोकाला खाच असलेली खुंटी मुरमातही नीट बसली. चौरस मीटरला दोन ते तीन या हिशेबाने, आणि कडांवर व जोडावर जास्त, अशा साडेचारशेच्या आसपास खुंट्या लागल्या. चढ वाढत जाईल तशी खुंट्यांची संख्या वाढवावी लागते. आकडे गंजून जातात खरे, पण काही ठिकाणी गवत कापताना त्यांची टोके पायाला लागली; मुले वावरतात तिथे मी बांबूच घेईन.

आणि इथेच माझी मोठी चूक झाली. पहिले दोन पट्टे अंथरले, ते जरा सुरकुतलेले दिसत होते. तिसरा पट्टा म्हणून आम्ही दोघांनी खालून ओढून, बाज विणताना नवार ताणावी तसा, अगदी ताठ केला. तो सर्वांत देखणा दिसत होता. उताराच्या मध्यावर तिथे एक उथळ खोलगट होते. ताणलेली जाळी त्याच्या दोन्ही काठांवर टेकली आणि मधे दोन-तीन बोटे पोकळी राहिली. पहिल्या मोठ्या पावसात पाणी नेमके त्या पोकळीतून वाहिले. वरून काही दिसत नव्हते. आठवड्याने पायथ्याशी एकाच जागी गाळाचा ढीग साठलेला पाहून संशय आला आणि जाळी उचलून पाहिली, तर खाली मनगट जाईल एवढा ओघळ. जाळी कापून, ओघळात माती दाबून भरून, वर तुकडा लावला, त्याचे वरचे टोक मूळ जाळीच्या खाली सारले आणि सगळीकडे खुंट्या दाट केल्या. सुरकुतलेल्या दोन पट्ट्यांना काहीच झाले नव्हते. काथ्याचा दोर ताठ असतो, तो स्वतःहून खोलगटात उतरत नाही. त्याला सैल सोडून, पायाने दाबत, प्रत्येक खळग्यात एक जास्तीची खुंटी मारत न्यावे लागते.

या बाबतीत तागाची जाळी उजवी ठरली. ताग आपल्या कोरड्या वजनाच्या चार-पाच पट पाणी शोषतो. पहिल्या सरीतच ती जाळी जड होऊन ओल्या फडक्यासारखी मातीला बिलगली, आणि तीच चूक तिथे केली असती तरी कदाचित पचून गेली असती. मातीत ओलही तिने जास्त धरून ठेवली आणि गवत तिच्याखाली काही दिवस आधी उगवले. पण पहिल्या पावसाळ्याच्या अखेरीस तिचे दोर बोटांनी चिमटीत धरून तोडता येत होते, आणि दुसऱ्या पावसाळ्याआधी ती जवळपास मातीत मिसळली होती. त्या चार मीटरच्या पट्टीत गवत चांगले धरले होते म्हणून निभावले. जिथे पाणी घालता येते, माती बरी आहे आणि एका हंगामात गवत दाट होईल अशी खात्री आहे, तिथे तागच घ्यावा. जिथे मुरूम आहे आणि गवताला दुसरा हंगाम लागणार आहे, तिथे ताग आधी संपेल.

पेंढ्याच्या चटईबद्दल थोडक्यात. ती हलकी असते, जमीन जवळपास पूर्ण झाकते, थेंबांचा मारा तिघींमध्ये सर्वांत चांगला तीच अडवते, आणि 1:2.5 च्या कडेला तिने पहिला हंगाम उत्तम काढला. उभट चढावर ती लावण्याचा मोह धरू नये. तिचे तेवढे अंग नाही. माझी तक्रार वेगळी आहे. ‘शंभर टक्के नैसर्गिक’ म्हणून आलेल्या त्या चटईचा पेंढा खरोखर पेंढाच होता, पण तो दोन्ही बाजूंनी ज्या बारीक जाळ्यात शिवला होता ते जाळे प्लास्टिकचे निघाले. पेंढा कुजून गेल्यावर ते गवतात तसेच उरले आणि कापणीच्या यंत्राला गुंडाळू लागले. अशा घट्ट गाठींच्या प्लास्टिक जाळ्यांमध्ये साप, सरडे आणि लहान पक्षी अडकून मरतात, हे अनेक ठिकाणी नोंदवले गेले आहे. माझ्या उतारावर एक सरडा अडकलेला मिळाला, तो कात्रीने सोडवला. ओळखायची रीत सोपी आहे : एक धागा काढून काडीने पेटवावा. नैसर्गिक धागा जळून राख होतो, प्लास्टिकचा वितळून टोकाशी कडक गोळी धरतो. ही परीक्षा अंथरण्याच्या आधी केली असती, तर चटई परत केली असती. काथ्याच्या आणि तागाच्या दोन्ही जाळ्यांचे मी असे धागे जाळून पाहिले. त्यांची राखच झाली.

काथ्याच्या जाळीने पहिल्या पावसात काय केले, ते पाहायला पावसात उभे राहावे लागते. उताराला आडवा जाणारा प्रत्येक दोर हा एक बारीक बांध होतो. त्याच्या वरच्या अंगाला पाणी क्षणभर थबकते, त्यातला गाळ खाली बसतो, आणि थोड्याच दिवसांत प्रत्येक चौकटीत नखाएवढी मातीची पायरी तयार होते. ओघळाला सलग बारा मीटर धावायला मिळतच नाही. पायथ्याच्या चारीत पाणी आले, ते गढूळ होते, पण तळाशी गाळ नावापुरता साचला. बी पट्टे अंथरण्याआधी पेरले होते आणि जाळीवर थोडी बारीक माती भुरभुरून दोरांमध्ये बसवली होती. लवकर उगवणारे एक हंगामी गवत पंधरवड्यात हिरवे झाले. हरळीला वेळ लागला, पण तिचे धावते फुटवे दोरांच्या खालून आणि वरून विणीत शिरले, आणि पहिल्या हंगामानंतर जाळी उचलू म्हटले तरी ती उचलता येईना.

त्याच्याच जोडीला उताराला आडव्या, एकेक मीटर उंचीच्या अंतराने वाळ्याच्या ओळी लावल्या; दोन रोपांत 10 ते 15 सेंटीमीटर अंतर, आणि रोपासाठी जाळीचे एक-दोन दोरच कापले. वाळ्याची मुळे पसरत नाहीत, सरळ खाली जातात आणि चांगल्या जमिनीत तीन मीटरपर्यंत पोचतात. लागवडीच्या वाणांना रुजणारे बी धरत नसल्यामुळे तो तण होऊन माजतही नाही. हरळी वरची वीतभर माती धरते आणि वाळा तिच्या खालची. जाळी विकणाऱ्याने वनस्पतींबद्दल एक शब्दही सांगितला नव्हता, याचे आजही आश्चर्य वाटते. गवत न लावता नुसती जाळी अंथरणे म्हणजे इमारत न बांधता परांची उभी करणे होय.

पायथ्याला काथ्याचा ठासून भरलेला, 30 सेंटीमीटर व्यासाचा लांब ओंडकाही आडवा टाकला होता. वरून निसटलेला गाळ त्याने चांगला अडवला. तो निम्मा जमिनीत गाडून, दोन्ही अंगांना खुंटे ठोकून बसवला तरच उपयोगी; नुसता ठेवला तर पाणी खालून जाते. याहून जास्त त्याच्याबद्दल सांगण्यासारखे नाही.

ही जाळी काय करू शकत नाही, तेही लिहायला हवे, कारण चुकीच्या जागी वापरली तर ती खोटा धीर देते. जाळी वरची माती धरते, डोंगर धरत नाही. माथ्यावर उताराला समांतर भेगा दिसत असतील, पायथा फुगत असेल, झाडे किंवा खांब कलत असतील, किंवा उताराच्या मध्येच पाणी पाझरत असेल, तर तिथे माती खोलवरून सरकण्याच्या बेतात असते. अशा जागी निचऱ्याची व्यवस्था, आधाराची भिंत किंवा जमिनीत रोवलेले गज यांचा विचार जाणकार अभियंत्याकडूनच करून घ्यावा लागतो. चौरस मीटरला 900 ग्रॅमची जाळीही तिथे फडक्याएवढीच. कातळावर ती निरुपयोगी, कारण तिथे मूळ धरायला जागा नाही. 1:1 पेक्षा उभ्या चढावर मी ती भरवशाने लावणार नाही. उन्हाळ्यात वाळलेला काथ्या आणि पेंढा दोन्ही झटकन पेट घेतात, तेव्हा गवत वर येईपर्यंत जवळपास पालापाचोळा जाळू नये.

आजची स्थिती अशी आहे. उताराच्या बहुतेक भागात जाळी शोधावी लागते. गवत बाजूला सारून माती उकरली तर काळपट, भुसभुशीत दोरांचे तुकडे मिळतात आणि त्यांच्यातून मुळे आरपार गेलेली दिसतात. मागच्या पावसाळ्यात पायथ्याची चारी एकदाही उपसावी लागली नाही. पुन्हा काम करायचे झाले, तर संपूर्ण उताराला 700 ग्रॅमची जाळी घेणार नाही. माथ्याकडच्या अर्ध्या भागात, जिथे पाणी अजून फारसे साठलेले नसते, 400 ग्रॅमची पुरेल, आणि खालच्या अर्ध्या भागात, जिथे वाहत आलेल्या पाण्याला जोर चढतो, तिथे 700 ग्रॅमची घेईन.

एक जागा मात्र अजून जमलेली नाही. उताराच्या एका कोपऱ्यावर मोठ्या झाडाची दाट सावली पडते. तिथे हरळी आली नाही, वाळाही खुरटला, कारण दोघांनाही ऊन लागते. जाळी तिथे इतर ठिकाणांइतकीच कुजली आणि तिच्याखालची माती पुन्हा उघडी पडली. या वर्षी त्या कोपऱ्यात बारीक ओघळ दिसू लागले आहेत. शिल्लक राहिलेला साडेआठ मीटरचा तुकडा तीन वर्षे कोरड्या खोलीत पडून होता आणि त्याचा दोर अजूनही हाताने तुटत नाही. तोच आता तिथे अंथरला आहे, सैल सोडून, आणि त्याच्या चौकटींमधून सावलीत वाढणाऱ्या, जमिनीलगत पसरणाऱ्या वेलींची रोपे लावली आहेत. दोर कुजण्याआधी त्या जमीन झाकतात की नाही, हे पुढच्या दोन पावसाळ्यांत कळेल.